उतारावरचा ट्रक

"गाडी थंडी धरते," असं बाबा म्हणायचे. घाटकोपरला कसली डोंबलाची थंडी! पण सकाळी किल्ली फिरवली की आमचा जुना ट्रक नुसता खोकायचा, पांढरा धूर सोडायचा आणि गप्प व्हायचा. म्हणून तो गल्लीच्या उतारावर लावायचा, चाकाखाली दगड. सकाळी दगड काढायचा आणि धक्का. बाबांचे डोळे अधू झाल्यापासून स्टिअरिंगवर मी, आणि मागून ढकलायला शेजारचे दोघं नि बाबा. बॅटरी बदलली, लिंबू-मिरची बांधली, फरक शून्य.

एकदा सुरू झाला की बाबा तो दिवसभर बंद करू देत नसत. गोदामापुढे तासन्‌तास घरघरत उभा. यावरून आमची रोज वाजायची.

एका सकाळी इंजिन लागलं आणि मी आरशात पाहिलं. बाबा रस्त्यात बसले होते, हात छातीवर. मी धावलो, पण इंजिन बंद केलं नाही. त्याच ट्रकमधून त्यांना नेलं. पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर मेकॅनिकने इंजिन उघडलं. हवेच्या वाटा काजळीने बुजलेल्या, खरवडून काढाव्या लागल्या. "उभ्याउभ्या चालू ठेवलात, त्यानेच कार्बन धरला," तो म्हणाला.

दुसऱ्या सकाळी शेजारी सवयीने धक्क्याला आले. मी किल्ली फिरवली आणि ट्रक एका झटक्यात सुरू झाला. आई दारात आली.

"मेल्या," ती ट्रकला म्हणाली, "आता होतोस होय सुरू?"