ब्लॅकआउटमधली वरमाला

मंडळी, आज संध्याकाळी आमच्या बेसिंगस्टोकच्या रस्त्यावर पॉवर कट झाला. शेजारच्या मार्गारेटबाई, वय नव्वदीच्या बरंच पुढे, मेणबत्त्या घेऊन आल्या. म्हणाल्या, "युद्धातला ब्लॅकआउट आठवला. माझं लग्न तेव्हाच झालं. साखर मिळेना, म्हणून केक चक्क पुठ्ठ्याचा होता!"

पुण्याहून आलेली माझी आजी मागे राहते होय! मला म्हणाली, "तिला सांग, माझंही लग्न त्याच युद्धातलं. मुंबईत, गोरज मुहूर्तावर. अंतरपाट दूर झाला आणि नेमका भोंगा वाजला. सगळे दिवे बंद! मुहूर्त टळू नये म्हणून मी अंधारातच माळ घातली. दिवे लागले, तर माळ भटजींच्या गळ्यात!"

मी हसत हसत भाषांतर केलं. मार्गारेटबाईंनी विचारलं, "आणि नवरदेव?"

"हे आपले मान खाली घालून उभे, माळेची वाट बघत. तीच सवय जन्मभर राहिली."

आज आजोबा असते, तर मान खाली घालूनच हसले असते.

तुमच्या घरी मान कोणाची खाली असते? खरं लिहा. आमच्याकडचे गृहस्थ हे वाचून निमूटपणे चहा टाकायला गेलेत.