यादीतलं बिनरेघेचं नाव

परवा पोस्टात पार्सलावर लाख ओतताना मतपेट्या सीलबंद करायच्या लाखेचा तो वास आला आणि पालीजवळच्या एका शाळेतलं मतदान केंद्र आठवलं. ऐंशीच्या दशकातली विधानसभेची निवडणूक होती, आणि मत देणाऱ्याच्या नावाखाली यादीत रेघ मारायचं काम शाळामास्तर म्हणून माझ्याकडे. आमच्या मतदारसंघातले निम्मे पुरुष मुंबईला असत, तरी मतं इथे न चुकता पडत. या चमत्काराबद्दल कुठल्याच उमेदवाराची तक्रार नसे. दुपारी गावपुढाऱ्याचा माणूस चिठ्ठी घेऊन आला. मी चिठ्ठीवरचं नाव मोठ्यानं वाचलं तशी बायकांच्या रांगेतली एक बाई झटकन वळली. ते तिच्या नवऱ्याचं नाव होतं. आठ वर्षांपूर्वी तो मुंबईला गेला, त्यानंतर पत्रही नव्हतं. समोरचा माणूस पाहून तिचा चेहरा उतरला. "हे ते न्हवत," ती म्हणाली. "गप ऱ्हा वैनी," तो हळूच म्हणाला, "शेत कुणाचा लावतेस ता इसरू नको." ती कसत होती ती जमीन पुढाऱ्याचीच होती. केंद्राध्यक्षांनी विचारलं, "बाई, नवऱ्याचं नाव काय?" नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? पदर चावत ती म्हणाली, "आत्ता गुरजींनी वाचलानी, तेच." केंद्राध्यक्षांनी त्या माणसाकडे नुसतं पाहिलं. तो चिठ्ठी चुरगाळून निघून गेला. मत देऊन ती माझ्याकडे आली. "गुरजी, त्यांचा नाव खोडू नका हां," म्हणाली, "ऱ्हावदे." त्या वर्षी कोण निवडून आलं ते आज मला आठवत नाही, पण ते बिनरेघेचं नाव कितव्या पानावर होतं, ते सांगेन.