अल्सरच्या गोळ्या आणि खानावळवाल्या मावशी

सुप्याच्या एमआयडीसीत मी आज कामावर टिकून आहे आणि जेवल्यावर पोट धरून बसत नाही, ते आमच्या खानावळवाल्या मावशींमुळे. डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेतच, पण त्यांनी औषध लिहून दिलं. ते माझ्या पोटात रीतसर पोचवलं मावशींनी. म्हणून आधी मावशींना नमस्कार, मग बाकीचं.

मी भंडाऱ्याकडचा. नववीत शाळा सुटली, इकडंतिकडं कामं केली आणि शेवटी इथं पत्रा दाबायच्या मशीनवर लागलो. दिवसभर उभं राहून कंबर धरते. त्यासाठी आमच्या लाइनीवर एक रीत होती. पाळी सुरू होताना चहा, आणि चहाबरोबर दुखण्याची गोळी. कुणीतरी खिशातून पाकीट काढायचा आणि ते तंबाखूच्या पुडीसारखं हातोहात फिरायचं. नको म्हटलं तर माणूस घमेंडखोर ठरतो. मी परमुलखातला, मला घमेंड कशी परवडणार? रोज घेत गेलो. उपाशीपोटी चहा, त्यावर गोळी, आणि सुटल्यावर शेंगदाण्याचा ठेचा.

मग पोटात जी आग पेटली, ती कशानंच विझेना. मावशी म्हणाल्या, "रोज भाकर ताटात ठिवून उठतोस, माझ्या हाताला खोट हाय का तुझ्या पोटाला? चल दवाखान्यात." नगरला दुर्बीण घालून तपासणी झाली. रिपोर्ट बघून सुप्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पोटात जखम आहे, आणि तिथं एक जंतूही ठाण मांडून बसलाय. दोन आठवड्यांचं औषध लिहिलं आणि ते कसं घ्यायचं ते बराच वेळ समजावून सांगितलं. मी मान हलवत होतो. घाबरलो की माझे कान बंद होतात आणि मान चालू होते.

तरी बरंच डोक्यात राहिलं. नाश्त्याआधी अर्धा तास एक गोळी, खाल्ल्यावर बाकीच्या, रात्री पुन्हा तसंच. गोळ्या दुधाबरोबर नाहीत. दुखण्याची गोळी बंद, दारू बंद. बरं वाटलं तरी कोर्स मध्येच सोडायचा नाही. आणि काळी शी झाली तर तडक दवाखान्यात यायचं. हे शेवटचं तर खिळ्यासारखं ठोकलं गेलं.

अडचण पहिल्याच दिवशी आली. माझी रात्रपाळी. सुटून खानावळीत आलो, गोळ्या पुढ्यात मांडल्या आणि विचारलं, "मावशी, आत्ता सकाळ आहे की रात्र?"

"डोकं फिरलं का रं? ऊन दिसंना व्हय?"

"तसं नाही. औषधाच्या दृष्टीनं. मी तर आता झोपणार."

माझा खोलीतला सोबती पाथर्डीकडचा. तो म्हणाला, "ह्याची सकाळ भंडाऱ्यालाच ऱ्हायली वाटतं."

सगळे हसले. मावशींनी पिठाच्या हातानंच डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. बाई म्हणाल्या, "तो झोपून उठतो ती त्याची सकाळ. दोन वेळांत साधारण बारा तास ठेवा. आणि गोळ्या घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. भरपूर पाणी प्यायचं, थोडं बसायचं."

त्यावर मावशींनी आपलं घड्याळ बसवलं. संध्याकाळी मी उठायचो तेव्हा त्यांचं जेवणाचं पीठ मळणं चालू व्हायचं. सकाळी मी सुटून यायचो तेव्हा डब्यांचं. "मी परात वढली की पैली गोळी. भाकरीची टोपली भरली की जेवाण. अर्धा तास बरूबर व्हतो, माझा हात काय आजचा न्हाई." तेव्हापासून परात वाजली की अख्खी खानावळ ओरडायची, "गोळीऽऽ!" ज्यांना माझं नाव माहीत नव्हतं, तेसुद्धा.

चार घास पोटात राहू लागले तसा सोबत्याचा माझ्या गोळ्यांवर विश्वास बसला. एकदा म्हणाला, "भाऊ, माझ्या बी छातीत जळतंय. एक दे की." सवयीनं माझा हात खिशाकडं गेला.

"हात काढ खिशातनं!" मावशी चुलीपासून ओरडल्या. "त्याचं औषिद त्याच्या नावानं लिवलंय. तुला जळतंय तर तू दवाखान्यात जा."

"एका गोळीनं काय हुतंय, मावशी?"

"मंग रोज एक भाकर कमी वाढू का तुला? एकीनं काय हुतंय!"

सोबती दुसऱ्या दिवशी खरंच दवाखान्यात जाऊन आला.

इथवर ठीक चाललं होतं. तोंडाला सारखी लोखंडाची चव यायची, पण पाळीभर लोखंडातच असतो, तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मग एका सकाळी शी काळी झाली. बाहेर आलो आणि कुणाच्या तरी मोटारसायकलच्या आरशात जीभ बघितली. तीही काळी! आतून सगळंच जळून गेलं, असं मी धरून चाललो. तडक दवाखान्यात यायला सांगितलं होतं, आणि मी तडक बॅग भरली. गोळ्या कपड्यांच्या तळाशी टाकल्या, आता त्यांना हात लावायचा नाही म्हणून. मरायचं तर आईजवळ, असं सोबत्याला सांगितलं आणि हायवेवर येऊन नगरच्या एसटीची वाट बघत उभा राहिलो.

एसटीच्या आधी मावशींची स्कूटी आली. सोबत्यानं चुगली केली होती.

"कुठं निघालास?"

"घरी. माझं संपलं, मावशी."

"भंडारा लई लांब हाय. वाटंत मेलास तर कंडाक्टरला तरास. जीभ काढ."

भर स्टॉपवर मी जीभ काढली. एसटीची वाट बघणारे लोकही वाकून बघू लागले. मावशींचा चेहरा मात्र उतरला. "आगं बया, काळी म्हंजी काळीच हाय की!" मग त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "बस मागं." त्या घाबरल्या, हे बघून मी जास्तच घाबरलो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चक्कर येते? रक्ताची उलटी? शी डांबरासारखी चिकट, फार घाण वासाची?"

मी तिन्हीला मान हलवली.

"मान हलवू नकोस. तोंडानं बोल."

तोंडानं बोलल्यावर तिन्हीची उत्तरं नाही अशी निघाली. त्यांनी नाडी बघितली, बीपी बघितलं, रक्त तपासायला घेतलं. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "रक्त जात नाहीये. ह्यातल्या एका औषधानं जीभ आणि शी काळी होते. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग उगाच आलो का, मॅडम?"

"आलास ते अगदी बरोबर. पोटात रक्त गेलं तरी शी काळीच होते. त्यातली कुठली कशामुळं, ते आम्ही ठरवायचं. चुकलं ते बॅग भरलीस आणि गोळ्या बंद करायला निघालास ते. जंतू अर्धवट राहिला असता आणि पुढच्या वेळी ह्या गोळ्यांना जुमानला नसता. जखम पुन्हा उघडली असती."

मावशी इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. पुढं येऊन म्हणाल्या, "बाई, हितनं फुडं ह्याला काय सांगायचं ते मला सांगा. ह्यो नुसती मान लई भारी हलीवतो."

बाई हसल्या आणि त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मला नाही, मावशींना.

उरलेला कोर्स मी पुरा केला. जीभ पुढं आपोआप लाल झाली. तोवर खानावळीत नवा माणूस आला की सोबती मला जीभ काढून दाखवायला लावायचा. औषध संपल्यावर महिनाभरानं पुन्हा तपासणी झाली. जंतू गेला होता. मावशींनी ते ऐकलं, पदरानं डोळे टिपले आणि चुलीच्या धुराला शिव्या दिल्या. चूल तेव्हा पेटलेली नव्हती.

आई फोनवर म्हणते, त्या बाईला एकदा घेऊन ये. मावशी म्हणतात, "खानावळ कुणाच्या जिवावर टाकू? यीन कवातरी." पण मी ठरवून ठेवलंय. एक दिवस त्यांना गाडीत खिडकीजवळ बसवून आमच्या गावी नेईन. तळ्याकाठच्या आमच्या घरी आईच्या हातचा नव्या तांदळाचा भात त्यांच्या ताटात वाढीन, आणि पोट भरेपर्यंत त्यांना पाटावरून उठू देणार नाही. मावशी, हा माझा शब्द. आणि हे मी मान हलवून नाही, तोंडानं सांगतोय.