बादलीला न भिणारं लाकूड

भाड्याच्या खोल्यांमधून सुटून परभणीत स्वतःचं घर बांधलं, तेव्हा बाकी सगळं मी नवऱ्यावर सोडलं. स्वयंपाकघर मात्र नाही. मला ते बादलीनं धुवायचं होतं. आमच्याकडे महालक्ष्म्या बसायच्या आधी फरशीवर भसाभसा पाणी ओतून खराट्यानं घर धुतात. नुसतं ओल्या फडक्यानं पुसणं म्हणजे माझ्या लेखी आंघोळ टाळून पावडर लावणं.

पण ओट्याखालच्या कपाटांचा पाया फरशीलाच टेकलेला असतो. पाणी आधी त्यालाच लागणार. मोठ्या जाऊबाईंच्या घरी तेच झालं. त्यांचा पाया भुसा दाबून केलेल्या बोर्डाचा होता. दुसऱ्याच वर्षी तो भाकरीसारखा फुगला. नवीन बसवला, तेव्हापासून त्या गुडघ्यांवर बसून पिळलेलं फडकं फिरवतात.

मी त्यांनाच घेऊन प्लाय-बोर्डाच्या दुकानात गेले. दुकानदार तसल्याच बोर्डावर टिचकी मारून म्हणाला, "ताई, वॉटरप्रूफ हाय."

"बादली ओतली तर?"

"बादली कशाला ओतता? पोछा मारा की."

माझं डोकंच फिरलं. लाकूड माझ्या घरात राहायला येणार, की मी त्याच्या?

जाऊबाई हळूच म्हणाल्या, "घे गं हेच. व्हईल सवय. मला न्हाई का झाली?" त्या हसत होत्या, पण मला ते हसणं बघवेना. मला तीच सवय नको होती.

तिथून थेट लाकडाच्या वखारीत गेलो. आमच्या मिस्त्रीला तिथं बोलावलंच होतं. त्यानं कडुनिंब दाखवला. त्याला उधई, म्हणजे वाळवी, लागत नाही, पण तो वाकतो म्हणे. मग साग. सागातही सालीलगतची पांढरी कड लवकर सडते, म्हणून मी एकेक फळी पालथी करून कड असलेली बाजूला काढत गेले.

"लय चिकित्सक बाई हाय," मिस्त्री पुटपुटला. म्हणू दे. कपाटं प्लायची झाली, पाया सागाच्या आतल्या गाभ्याचा.

महालक्ष्म्यांच्या आधी घर धुवायला काढलं, त्या दिवशी जाऊबाई आल्या होत्या. मी पहिली बादली थेट पायावरच ओतली. त्या भिंतीला चिकटून बघत राहिल्या. पाणी मोरीकडे निघून गेलं, साग होता तसाच होता.

त्यांनी निऱ्या वर खोचल्या आणि दुसरी बादली माझ्या हातातून ओढून घेतली.

"सरक," म्हणाल्या.

बादली रिकामी झाली, तरी कितीतरी वेळ त्यांनी ती पालथीच धरून ठेवली होती.