ओल्या पॉलिस्टरचा वास

ओल्या पॉलिस्टरवर गरम इस्त्री फिरली, की त्या वासासरशी मी सिल्वासातल्या धाग्याच्या कारखान्यात, खालच्या रंगखात्याचा हाच वास येणाऱ्या कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन उभी राहते.

त्या दुपारी सर्व्हर गुदमरला होता. ऑफिसचा मोठा रिपोर्ट आणि रंगखात्यातल्या टाकीचं तापमान दाखवणारा प्रोग्राम, दोन्ही त्याच्यावरच चालत. आमच्याकडे सगळे एकाच नावाने लॉगिन करायचे, त्यामुळे स्क्रीनवर कुठली ओळ कुणाची ते कळेना. खाली टाकीपाशी भामरेभाऊ वाफेच्या व्हॉल्व्हवर हात ठेवून उभे होते आणि त्यांच्यापुढचा आकडा उशिरा येत होता.

"मारी नाख ने!" मॅनेजर मागून ओरडले, दोन्ही बंद कर म्हणून. पण मारलेला प्रोग्राम पुन्हा उभा करायला वेळ लागतो, आणि वाफेने तापत चाललेल्या टाकीकडे तेवढा वेळ नव्हता. मी अंदाजाने दोघांपैकी एकाला नुसता थांबायचा सिग्नल दिला आणि इंटरकॉम कानाला लावला.

"आकडा हालतच नाही वो ताई," भामरेभाऊ म्हणाले. "टाकी थरथरतेय."

म्हणजे मी चुकीचा थांबवला! मी तो पुन्हा चालू केला आणि दुसऱ्याची, म्हणजे रिपोर्टची, प्रायॉरिटी तळाला नेली.

"चढला वो ताई, एकदम चढला!" मग व्हॉल्व्ह आवळल्याची करकर.

तेव्हा वाटलं, मी वाचवलं. आता इस्त्री बाजूला ठेवताना वेगळंच दिसतं. मी आकडा थांबवला तेव्हा भामरेभाऊंना पळता आलं असतं. पण आकडा तिथूनच दिसत होता, आणि तो मला सांगायला कुणीतरी हवं होतं, म्हणून ते थरथरत्या टाकीपाशीच उभे राहिले.