उबेला ठेवलेली कुपी

आमचे हे मोतद्दार. घोड्यांचा खरारा, दाणापाणी, मालिश, सगळं मनापासून करायचे आणि घरी आले की माझ्या वाट्याला चार शब्दही यायचे नाहीत. तबेल्यामागच्याच खोलीत आम्ही राहायचो. ठकी नावाची घोडी तर माझी सवतच होती. तिच्या मानेवरून यांचा हात फिरायला लागला की माझा जळफळाट व्हायचा. खोटं कशाला सांगू?

शर्यतीत ठकीच्या पुढच्या पायाची कंडरा फाटली. पाय टेकवेना. डॉक्टरांनी तिच्याच छातीच्या हाडातून मूळ पेशी काढल्या आणि लॅबमध्ये वाढवायला दिल्या. त्या जखमेत टोचल्या तर कंडरा सांधेल म्हणाले. मालकांनी बजावलं, एकदा करून बघा, नाहीतर तिला इंजेक्शन देऊन संपवा. तेव्हापासून यांच्या घशाखाली घास उतरेना.

पेशींची कुपी गार डब्यातून आली तेव्हा डॉक्टर आमच्याकडे यायला निघालेच होते. आता मोतद्दारांची रीत अशी, की टोचायचं औषध आधी सदऱ्याच्या आत पोटाशी धरून कोमट करायचं. गार औषध आत गेलं की घोडं बिचकतं. यांनी डबा उघडला आणि कुपी पोटाशी धरली. नेमकी डॉक्टरांची गाडी वाटेत बंद पडली. ते पोचेपर्यंत दुपार टळून गेली.

यांनी मोठ्या कौतुकानं कुपी काढून दिली. डॉक्टरांचा चेहरा पडला. ते म्हणाले, या जिवंत पेशी, गारव्यात सुस्त पडून टिकतात. उबेत जाग्या झाल्या, बंद कुपीत ना खायला काही ना हवा. मेल्या असणार.

हे भिंतीला टेकून खालीच बसले. "माझ्या हाडातून काढा," म्हणाले. "वाटेल तेवढं काढा." माणसाचं घोड्याला चालत नाही, हे डॉक्टरांना दोनदा सांगावं लागलं. मला रडू फुटलं.

लॅबच्या टाकीत थोड्या पेशी गोठवून ठेवलेल्या होत्या. त्या पुन्हा वाढवता आल्या असत्या, पण मालकांचा होकार हवा होता. डॉक्टर भला माणूस. यांना सांभाळून घ्यायचं म्हणून त्यांनी फोनवर सांगितलं, औषध वाटेतच खराब झालं. मालक म्हणाले, असल्या बेभरवशाच्या उपचारात मला पडायचं नाही, घोडी संपवा.

हे ताडकन उठले. मी डोळ्यांनी खुणावलं, गप्प बसा. नोकरीबरोबर डोक्यावरचं छप्परही जाणार होतं. पण यांनी फोन हातात घेतलाच.

"मालक, औषध चांगलं होतं. मी मारलं ते. शिक्षा मला करा, तिला नको."

मग मालकांनी सांगितलं, घोडीला आणखी एक संधी देतो, पण तू उद्या इथे दिसता कामा नयेस.

दुसऱ्या दिवशी सामान बांधलं. तबेल्यासमोरून गेलं की लगेच फाटक. हे मात्र डोक्यावर गाठोडं घेऊन मागच्या चिखलातून, लांबच्या वाटेनं निघाले. मला राहवेना. तिला एकदा भेटून तरी या, म्हटलं.

"मी दिसलो की ती दाराशी धावत येते," ते म्हणाले. "त्या पायावर तिला धावू द्यायचं नाही."

मग मीही भांड्यांची पिशवी वाजू न देता त्यांच्यामागून चालू लागले.