आक्कांनी बसवलेली जमीन

आमच्या आक्का जन्माला येतानासुद्धा पायाखालची जमीन तपासूनच आल्या असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. रस्ता किंवा पूल बांधण्याआधी खालची माती ओझं पेलेल का, हे बघायची त्यांची सरकारी नोकरी. लग्न त्यांनी केलं नाही, माती मात्र आयुष्यभर घरी आणली. कुणाच्या मांडवात गेल्या की आधी छत्रीचं टोक जमिनीत खुपसून बघणार आणि मगच खुर्ची मांडणार. घरात इस्त्री नाही; साड्या गादीखाली घालून वर स्वतः झोपायचं, सकाळी कडक घडी तयार. एकदा त्यांच्या फ्रिजातल्या डब्यातली काळी माती गुरुजींनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, कारळाची चटणी समजून भाकरीबरोबर खाल्ली. वर म्हणाले, ‘‘आक्का, मीठ कमी पडलंय.’’ यावर आक्कांना काळजी कसली, तर नमुना कमी भरेल याची! मला बघायला त्या कन्नडला आल्या, तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन आमच्या घराला बाहेरून एक फेरी मारून आल्या आणि माझ्या वडिलांना म्हणाल्या, ‘‘मुलगी चांगली आहे. तुमच्या मोरीचं पाणी मात्र घराच्या पायात मुरतंय, ते आधी बघा.’’ वडिलांनी आधी मोरी दुरुस्त केली, मग साखरपुड्याचं बोलणं काढलं.

तर अशा आक्कांच्या हाती आमचं घर सापडलं. फुलंब्रीच्या रस्त्याला आम्ही एक प्लॉट घेऊन ठेवला होता. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले आणि लगेच त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून आल्यावर त्यांना एकच ध्यास, आता भाड्याच्या घरात राहायचं नाही. कंत्राटदार ठरला, नारळ आणला, आणि आक्का एक लांब सळई घेऊन हजर झाल्या. सळई जमिनीत लोण्यात सुरी जावी तशी गेली. तिथं पूर्वी तळं होतं म्हणे. वरून भर टाकून प्लॉट पाडलेले, खाली सगळी गाळाची चिकणमाती, पाण्यानं फुगलेली.

‘‘बाबू, इथं आत्ता घर बांधलं तर ते एका अंगाला खचंल,’’ त्या गुरुजींना म्हणाल्या. ‘‘आधी घराएवढं ओझं नुसतंच ठेवू. मातीतलं पाणी निघून जाईल, जमीन बसायची तेवढी बसंल. मग ओझं काढायचं आन् घर बांधायचं.’’

आणि खरंच त्यांनी वाळूचा थर पसरला, पाणी जायला कडेनं चर खणले आणि वर मुरमाच्या गाड्यांवर गाड्या रिकाम्या केल्या. माणसाच्या डोक्याच्या वर जाईल एवढा ढीग झाला. बिचारा कंत्राटदार कपाळाला हात लावून म्हणाला, ‘‘क्या मॅडम, मिट्टी का अचार डाल रहे क्या?’’ आक्का शांतपणे म्हणाल्या, ‘‘हां. अचार को भी मुरने को टाइम लगताइच ना?’’

पावसाळा आला आणि गेला. शेजारच्या प्लॉटवर आमच्यानंतर आलेल्या माणसाचं घर उभं राहून रंगसुद्धा झाला, आमच्याकडं ढीगच. वसाहतीत त्याला ‘गुरुजींची टेकडी’ नाव पडलं. आक्का सिटी बसनं यायच्या, ढिगातून वर काढलेल्या दांड्यावरची खूण किती खाली गेली, ते मिस्त्रीलोकांच्या पाण्याच्या नळीनं बघायच्या आणि ‘‘अजून नाय’’ म्हणून जायच्या. एक दिवस गुरुजींचा संयम संपला. ‘‘आक्का, जमिनीला लई वेळ आहे. माझ्याकडं किती आहे, ते बघितलं का कुणी?’’ आक्कांनी पुढ्यातलं ताट सरकवलं आणि त्या निघून गेल्या. नंतर कितीतरी दिवस बहीणभाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी गुरुजींनी कंत्राटदाराला सांगून ढीग उचलायला जेसीबी मागवला.

आम्ही प्लॉटवर पोचलो तर ढिगाच्या माथ्यावर आक्का बसलेल्या, छत्री उघडून, मांडीवर जेवणाचा डबा. खाली जेसीबी थांबलेला. गुरुजी खालून ओरडले, ‘‘आक्का, उतर!’’ आक्कांनी वर डब्याचं झाकण उघडलं. मग तेच थांबत, धापा टाकत वर चढले. वर दोघं एका छत्रीत बसले. गुरुजी हातवारे करत होते, आक्का मान खाली घालून ऐकत होत्या. मग आक्का काहीतरी बोलल्या आणि गुरुजींचे हात खाली आले. थोड्या वेळानं त्यांनी डब्यातली भाकरी मोडून घेतली. उतरल्यावर त्यांनी जेसीबी परत पाठवला. काय बोलल्या आक्का, म्हणून मी विचारलं, तर चष्मा पुसत म्हणाले, ‘‘म्हणाली, आई गेल्यापासून तुझ्याशिवाय मला कोण आहे? तू निजशील त्या घराला तडा गेला, तर मी कुणाकडं बघू?’’

त्यानंतर रोज संध्याकाळी दोघं त्या टेकडीवर जाऊन बसायला लागले. डॉक्टर चालायला सांगून दमले होते, ते काम मुरमानं केलं. आणि एका संध्याकाळी आक्कांनी खूण पुन्हा पुन्हा तपासली, नळी गुंडाळली आणि म्हणाल्या, ‘‘बसली रे बाबू. आता हलत नाय.’’ काढलेला मुरूम वसाहतीच्या चिखलाच्या रस्त्यावर पसरला, तेव्हा टेकडीला हसणारे सगळे कोरड्या पायांनी घरी जायला लागले. शेजारच्या नव्या घराची दारं तोवर चौकटीत अडकायला लागली होती, भिंतींना तिरपे तडे गेले होते. आक्का त्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. उलट चार दुपारी त्याच्याकडं बसून पाया कसा सावरायचा, ते समजावून आल्या.

त्रिशरण-पंचशील म्हणून आम्ही नव्या घरात राहायला आलो. त्या घरात गुरुजी काही वर्षं राहिले, सुखानं राहिले. व्हरांड्यात पेपर वाचला, जावयाशी भांडले, कढीपत्ता लावला. भिंतीला केसाएवढी रेघ नाही. ते गेले तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि जो तो मला विचारत होता, आता पुण्याला लेकीकडं जाणार का, घर भाड्यानं देणार का. आक्का म्हणाल्या, ‘‘तिला आत्ता कायबी विचारू नका. सांगंल तिचं ती.’’ आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची वळकटी घेऊन राहायला आल्या. मी कुठं गेले नाही. त्याही गेल्या नाहीत. लोक नणंदेच्या तक्रारी सांगतात तेव्हा मला बोलायला काही नसतं. माझ्या माणसाला त्याच्या मनासारखं घर मिळालं आणि मला सोबत मिळाली, ती या बाईमुळं, एवढंच मला माहीत आहे.

आता त्यांना ऐकायला कमी येतं, आठवणीही मागंपुढं होतात. दुपारी खिडकीपाशी त्यांचा डोळा लागतो. मी जवळून गेले की मिटल्या डोळ्यांनी विचारतात, ‘‘बाबू आला का गं शाळेतून?’’

‘‘येतीलच इतक्यात,’’ मी म्हणते, आणि त्यांच्या पायांवरची चादर सारखी करते.